भूविज्ञानाची पदवी झाली, आता पुरातत्त्वात यायचंय: पुढची वाट कशी धरू?

घोडकाठची

नमस्कार मंडळी. यंदा भूविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाले. वर्गातल्या बऱ्याच जणांनी एम.एस्सी.चे अर्ज भरलेत, काही जण खाणकंपन्यांत मुलाखती देताहेत. मला पुरातत्त्वात यायचं आहे. ते मनाशी पक्कं आहे, त्यामुळे "कशाला?" बाजूला ठेवून "कसं?" याबद्दल सांगाल तर फार मदत होईल.

आमचं गाव शिरूर तालुक्यातलं, इनामगावपासून फार लांब नाही. तिसऱ्या वर्षाला घोड नदीच्या काठच्या गाळाच्या थरांवर प्रकल्प केला आणि संदर्भ शोधता शोधता इनामगावच्या उत्खननापाशी पोचले. १९६८पासून पुढे दीडेक दशक डेक्कन कॉलेजची मंडळी तिथे हंगामामागून हंगाम खणत होती. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं तेव्हा पहिल्यांदा वाचली. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातलं एक अख्खं शेतकरी गाव त्यांनी उभं केलं: घरांची जोती, चुली, धान्याची कोठारं, नदीचं पाणी शेतीकडे वळवणारा बांध, घराच्या जमिनीखाली दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात पुरलेली लहान मुलं. एवढं सगळं आमच्या शेजारी होतं आणि शाळेत कुणी एक शब्द बोललं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

प्रश्न असे. एमए आर्किऑलॉजी करावं, की आधी भूविज्ञानात एम.एस्सी. करून मग वळावं? संस्कृत-प्राकृत अजिबात येत नाही, त्याने अडेल का? नोकऱ्या खरोखर कुठे आहेत आणि हाती पगार यायला किती वर्षं जातात? आणि आईला एक काळजी आहे, रानात तंबूत महिनोन्महिने राहायचं म्हणजे कसं? तिला काय सांगू?

खापरवाचक

पहिलं उत्तर सगळ्यात आधी: कुठलाही अर्ज भरण्यापूर्वी एका उत्खननावर जाऊन राहा. दोन दिवस बघायला म्हणून नको, निदान काही आठवडे काम करा. पावसाळा संपला, पिकं निघाली की हंगाम सुरू होतो आणि उन्हं असह्य होईपर्यंत चालतो. विद्यापीठांच्या उत्खननांवर स्वयंसेवक म्हणून घेतात, पण आधी रीतसर पत्र लिहून विचारावं लागतं.

तिथला दिवस कसा जातो ते सांगतो, म्हणजे अंदाज येईल. उजाडता उजाडता खड्ड्यावर. बहुतेक ठिकाणी पाच मीटर बाय पाच मीटरचे चौकोन आखलेले असतात आणि दोन चौकोनांच्या मध्ये न खणलेली मातीची भिंत ठेवलेली असते. ती भिंत म्हणजे तुमचं पुस्तक. वरचा थर कुठे संपला, खालचा कुठे लागला, मध्येच कुणी राखेचा खड्डा मारला होता का, हे सगळं त्या छेदात दिसतं. गावातली माणसं टिकाव-घमेली घेऊन कामाला असतात. त्यांच्यातल्या जुन्या हातांना माती बदललेली तुमच्याआधी कळते, त्यांच्याकडून शिकायचं. तुमच्या हातात खुरपी, ब्रश, ओळंबा, टेप, वही. सापडलेल्या प्रत्येक वस्तूची जागा तीन मापांनी नोंदवायची: या कडेपासून किती, त्या कडेपासून किती, किती खोल. मग पिशवी, पिशवीवर चिठ्ठी, पिशवीच्या आतही चिठ्ठी. दुपारनंतर खापरं धुवायची, वाळवायची, निवडायची, त्यांवर शाईने बारीक अक्षरांत खुणा करायच्या. संध्याकाळी वही पूर्ण झाल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. सोनं, मूर्ती, तलवारी यांची वाट बघणारा माणूस आठवड्यात कंटाळतो. खापराचा काठ बोटांत धरून भांडं केवढं असेल याचा अंदाज बांधण्यात ज्याला आनंद होतो, तो टिकतो.

नोंदीवर इतका जोर का, हे दायमाबाद गावच्या ब्राँझच्या वस्तूंवरून नीट कळतं. १९७४ साली प्रवरेकाठी एका शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना चार मोठ्या वस्तू मिळाल्या: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. वजन सगळं मिळून साठ किलोंच्या वर. असं काम सबंध देशात क्वचित पाहायला मिळतं. पुढे तिथे मोठं उत्खनन झालं, पण त्या चार वस्तू मात्र थरांतून, नोंदींसह आलेल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांना उत्तर हडप्पा काळात, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या टप्प्यात, ठेवणारे आहेत, आणि धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून त्याबद्दल शंका घेणारेही आहेत. पन्नास वर्षं झाली तरी हा वाद मिटलेला नाही. वस्तू संग्रहालयात सुखरूप आहेत, त्यांच्याभोवतीची माती मात्र गेली ती गेलीच.

आता अभ्यासक्रमाबद्दल. पुण्यात डेक्कन कॉलेजच्या एमए आर्किऑलॉजीला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, प्रवेश परीक्षा असते. संस्कृत येत नाही म्हणून कुणी अडवत नाही. लेण्यांवर किंवा ताम्रपटांवर काम करायचं असेल तर ब्राह्मी आणि प्राकृत शिकावं लागेल, पण तुमचा ओढा नदीच्या गाळाकडे दिसतोय. तिथे उलट संस्कृतवाल्यांना तुमच्याकडे यावं लागतं.

थरावरथर

नोकरी सरकारात झाली, आता निवृत्त आहे. जागांबद्दल स्पष्ट लिहितो, कारण या बाबतीत मुलांना कुणी सरळ सांगत नाही.

केंद्राचं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, म्हणजे एएसआय, १८६१चं. देशभरात साडेतीन हजारांहून जास्त स्मारकं त्याच्याकडे आहेत आणि कामाचा मोठा भाग ही स्मारकं सांभाळण्याचा आहे. उत्खनन शाखा वेगळ्या आहेत. नागपूरला उत्खनन शाखा आहे, प्रागैतिहासिक शाखा आहे आणि अरबी-फारसी शिलालेखांची शाखाही तिथेच आहे. उपअधीक्षक पुरातत्त्वविद ही पदं यूपीएससी भरते, त्याखालची पदं इतर मार्गांनी. जाहिरात दरवर्षी येईल असं धरून चालू नका, दोन जाहिरातींमध्ये बरीच वर्षं जातात. राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय मुंबईत आहे, त्याचे विभागीय कार्यालयांतले सहायक संचालक एमपीएससीतून येतात. जागा मोजक्या. जाहिरात आली तेव्हा ज्याच्याकडे पदव्युत्तर पदवी आणि खणण्याचा नोंदवता येईल असा अनुभव तयार असतो, त्याचाच नंबर लागतो. म्हणून प्रत्येक हंगामानंतर उत्खनन संचालकांच्या सहीचं अनुभवपत्र न विसरता घ्या. काही वर्षांनी मागायला गेलात तर संचालक बदललेले असतात, निवृत्त झालेले असतात.

एक गोष्ट खास तुमच्यासाठी. ग्रेटर नोएडाला एएसआयची पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्था आहे, पूर्वी ती दिल्लीच्या लाल किल्ल्यात होती. तिथे पदव्युत्तर पदविका दोन वर्षांची, दर तुकडीत जेमतेम पंधरा जागा, विद्यावेतनही मिळतं. त्या पदविकेला पुरातत्त्व, प्राचीन इतिहास, मानवशास्त्र यांच्याबरोबर भूविज्ञानाची पदव्युत्तर पदवीही चालते, अट एवढीच की प्लाइस्टोसीन काळाचं, म्हणजे हिमयुगांच्या काळाचं, ज्ञान हवं. म्हणजे एम.एस्सी. करूनही तुमचा रस्ता बंद होत नाही. देशभरातल्या निरनिराळ्या स्थळांवर नेऊन खणायला शिकवतात. माझ्या मते आज या देशात सरकारी पुरातत्त्वात शिरण्याची ती सर्वांत पक्की तयारी आहे.

वऱ्हाडी पाऊल

पुण्याशिवाय पुरातत्त्व नाही असं चित्र या धाग्यावर उभं राहू नये, म्हणून लिहितो. नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व असा स्वतंत्र विभाग आहे आणि विदर्भासारखी कामाची जागा दुसरी नाही. जुनापाणी, माहूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, भागीमोहारी... शिळावर्तुळं किती बघाल! दगडांच्या वर्तुळात मृतांबरोबर लोखंडाची हत्यारं, माहूरझरीला तर घोडे पुरलेले, घोड्याच्या तोंडावर तांब्याचे अलंकार. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. शां. भा. देवांनी या भागात जे काम केलं ते वाचाच. यातली कितीतरी वर्तुळं आज प्लॉट पाडण्यात आणि मुरूम उचलण्यात चालली आहेत. डोळ्यांदेखत जातात हो. इथे काम करणारी माणसं पाहिजेत. भूविज्ञानवाल्यांना तर धातुमळीपासून खनिजाच्या उगमापर्यंत आयुष्य पुरणार नाही एवढं काम पडलं आहे.

बडोद्याचं महाराज सयाजीराव विद्यापीठही विसरू नका. हडप्पा संस्कृतीवर काम करायचं असेल तर गुजरात जवळ, आणि तिथला विभाग जुना आहे, नाणावलेला आहे.

खापरवाचक

वऱ्हाडी पाऊल, मान्य. पुण्याचं नाव घेतलं ते प्रयोगशाळांमुळे. वनस्पती, प्राण्यांची हाडं, मानवी सांगाडे, मातीचं रसायन हे सगळं एका आवारात शिकायला मिळणं अवघड असतं. पण खणण्याचा हात नागपूरकडचाच पक्का होतो, हे मीही पाहिलं आहे.

कोळसलेलं बी

घोडकाठची, तुझ्या आईसाठी लिहितेय, तिला वाचून दाखव.

मी पुरावनस्पतीशास्त्रात आहे. छावणीत राहण्याची सवय आता इतकी झाली आहे की घरी आल्यावर छत टोचतं. मुलींचे तंबू वेगळे असतात, स्वयंपाकाला गावातल्याच बायका असतात, आणि विद्यापीठाच्या चांगल्या उत्खननावर मुलांपेक्षा मुली जास्त दिसतात. अडचणी खऱ्या आहेत: स्वच्छतागृह कसं आहे, पाणी किती लांब आहे, पाळीच्या दिवसांत काय करायचं, रात्री आजारी पडलं तर गाडी आहे का. हे प्रश्न जायच्या आधी फोन करून थेट विचारायचे. नीट उत्तर देणारा संचालक बाकीच्या गोष्टीही नीट ठेवतो. जिथे "अहो, होईल सगळं" असं उत्तर मिळतं, तिथे पहिल्या हंगामाला जाऊ नये. तक्रार समिती कोणाकडे आहे हेही विचार, त्यात संकोच नको. आणि आधीच्या वर्षी तिथे गेलेल्या एखाद्या मुलीशी बोल, ती खरं सांगेल.

आता कामाबद्दल, कारण माझ्या मते खरी वाट तिथे आहे. इनामगावचं महत्त्व नुसत्या घरांमुळे नाही. तिथे वनस्पतीवाले, प्राण्यांच्या हाडांवाले, मानवी सांगाड्यांवाले एकाच गावावर काम करत होते, म्हणून लोक काय पेरत होते, काय खात होते, मुलं कशी वाढत होती हे सांगता आलं. सातू हे तिथलं मुख्य पीक होतं, हे कुठल्या शिलालेखात लिहिलेलं नाही. जळून कोळसा झालेल्या दाण्यांनी सांगितलं.

आम्ही करतो काय? चुलीतली, राखेच्या खड्ड्यातली, कोठाराच्या तळाची माती मोजून घेतो आणि पाण्यात सोडतो. माती खाली बसते, कोळसलेले दाणे आणि लाकडाचे कण वर तरंगतात. ते बारीक जाळीच्या चाळणीत धरायचे, सावलीत वाळवायचे (उन्हात तडकतात) आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा आजच्या दाण्यांशी ताडून बघायचा. त्यासाठी मी बाजारातून, शेतातून, आदिवासी पाड्यांवरून धान्यांचे आणि तणांचे नमुने जमवते, घरी चुलीवर जाळून ठेवते. शेतात उगवणारं तण कुठलं यावरून जमीन ओली होती की कोरडी, पेरणी खरिपाची की रब्बीची, याचा अंदाज लागतो. कार्बन कालमापनाला द्यायलाही असा एखादा दाणा फार मोलाचा, कारण तो एकाच वर्षाचा असतो. जुन्या खोडाचा कोळसा दिला तर झाडाचं वय मिसळून काळ मागे सरकतो.

हे सगळं एमएच्या वर्गात वरवर शिकवतात, हातात बसतं ते पुढे प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं बसून. आणि हे येणारी माणसं देशात इतकी थोडी आहेत की एका उत्खननाची माती दुसऱ्या संस्थेत, तिसऱ्या राज्यात पाठवावी लागते. म्हणून माझा आग्रह असा: नुसती "पुरातत्त्वज्ञ" होऊ नकोस. खणणं यायलाच हवं, पण त्याबरोबर मातीचं, दगडाचं, बियांचं, हाडांचं असं एक शास्त्र पूर्ण हातात ठेव. भूविज्ञानाची पदवी ही तुझी अडचण नाही, तीच तुझी शिदोरी आहे.

घोडकाठची

कोळसलेलं बी ताई, आईला वाचून दाखवलं. तिने तण जाळून ठेवण्याबद्दल तीनदा विचारलं, आता तिलाच यायचंय बहुतेक!

थरावरथर काका, पदविकेला भूविज्ञान चालतं हे मला माहीतच नव्हतं, खूप आभार. पण प्लाइस्टोसीनचा अनुभव इथे कुठे घ्यायचा? आमच्या अभ्यासक्रमात दोन तासांत उरकलं होतं.

थरावरथर

कुठे म्हणून काय विचारता, तुमच्या उशाशीच आहे. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी बुद्रुक नावाचं गाव आहे. तिथे नदीच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा, टेफ्राचा, थर आहे आणि त्याच्या संगतीत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं मिळाली आहेत. ही राख कुठली आणि किती जुनी, यावर दशकांपासून वाद आहे. एक मत म्हणजे ती सुमात्रातल्या टोबाच्या साधारण ७५,००० वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची. दुसरी मोजमापं तिला कितीतरी लाख वर्षं मागे नेतात. फरक किती प्रचंड आहे बघा, हत्यारं करणाऱ्या माणसाचा इतिहासच त्यावर बदलतो. कार्बन कालमापन तिथे उपयोगी नाही, ते पन्नासेक हजार वर्षांपलीकडे जात नाही. राखेचं रसायन, आर्गॉन पद्धत, पुराचुंबकत्व, गाळाचं वाचन यांनीच तो प्रश्न सुटणार, आणि ही सगळी तुमच्या घरची भाषा आहे. कऱ्हा नदीवर मोरगावलाही टेफ्रा आहे. प्रवरेवर नेवाशाजवळच्या चिरकीला १९६०च्या दशकात गुद्रुन कॉर्विनस यांनी मोठं उत्खनन केलं. त्या मूळच्या भूविज्ञानाच्याच होत्या.

सांकलियांबद्दलही एक सांगण्यासारखं आहे. ते अभ्यासाने इतिहासाचे आणि संस्कृतचे. लंडनला पीएच.डी. करताना व्हीलर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांच्या इंग्लंडमधल्या मेडन कॅसलच्या उत्खननावर खड्ड्यात उतरून शिकले. आणि डेक्कन कॉलेजात आल्यावर भूविज्ञान, वनस्पती, रसायन अशा सगळ्या विद्यांच्या लोकांना या कामात ओढून आणलं. महाराष्ट्रात हा विषय उभा राहिला तो असा.

आबा शिरूरकर

मी शेतकरी आहे, शिकलेला फार नाही. पोरगी आमच्याच भागातली दिसली म्हणून लिहितो. आमच्याकडं जुन्या पांढरीची, म्हंजे उजाड झालेल्या जुन्या गावांची, टेकाडं असायची. ती माती कसदार म्हणून बैलगाडीनं, पुढं ट्रॅक्टरनं वावरात नेऊन टाकली लोकांनी. मी पण नेली, तेव्हा सगळेच नेत. खापरं, मणी, हाडकं सगळं त्यात गेलं. कुणी येऊन सांगितलं असतं की बाबांनो, हे थांबवा, यात तुमच्याच पूर्वजांचं गाव आहे, तर ऐकलं असतं. कुणी सांगायलाच आलं नाही. बाई, तू शिकून आलीस की आधी गावोगावच्या ग्रामसभेत बोल. नोकरी लागेल न लागेल, हे काम मात्र पहिलं कर.

कोळसलेलं बी

आबा, तुम्ही जे लिहिलंय ते प्रत्येक एमएच्या पहिल्या तासाला वाचून दाखवलं पाहिजे. शासनाने संरक्षित केलेली टेकाडं थोडी, शेतात उरलेली असंख्य. ती राखायची असतील तर गावाशिवाय कोण राखणार?

मुदतीची माणसं

सगळे उत्साहाने लिहिताहेत ते बरोबर आहे, पण पैशाची बाजू कुणीतरी लिहायलाच हवी.

एमए झाल्यावर मी प्रकल्पांवर कंत्राटी काम करतो. मुदत सहा महिने, अकरा महिने, मग खंड, मग पुन्हा. एका प्रकल्पात मानधन कित्येक महिने अडकलं होतं, घरभाडं मित्रांनी भरलं. माझ्या तुकडीतले बरेच जण स्पर्धा परीक्षांकडे, शाळांकडे, मजकूर लिहिण्याकडे वळले. ते हुशार नव्हते म्हणून नाही, घरी पाठवायला पैसे हवे होते म्हणून. पुरातत्त्वात स्थिर पगार यायला पदवीनंतर सहा-सात वर्षं लागू शकतात, हे घरच्यांशी आत्ताच मोकळेपणी बोलून ठेवा.

मी टिकलो त्याची कारणं सांगतो. पहिलं, नेट-जेआरएफ, म्हणजे नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा आणि तिच्यातून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती. नेटमध्ये आर्किऑलॉजी हा स्वतंत्र विषय आहे, आणि जेआरएफ मिळाली तर सध्या दरमहा ३७,००० रुपये आणि पीएच.डी.ची काही वर्षं निश्चिंत. एमएच्या दुसऱ्या वर्षापासूनच तयारी धरा. दुसरं, टोटल स्टेशन (मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र) आणि जीआयएस (संगणकावरचे नकाशे). उत्खनन नसतं त्या महिन्यांत मी जमीन मोजणीची आणि नकाशांची कामं करतो. ड्रोनच्या छायाचित्रांवरून त्रिमितीय आराखडा करता येणारा माणूस आता प्रत्येक प्रकल्पाला लागतो. भूविज्ञानवाल्या तुम्ही, नकाशा तुमच्या हातात आहेच. तो पक्का करा.

आणि कुठल्याही कामावर जाण्यापूर्वी मानधन किती, कधी, कोणत्या खात्यातून, हे लेखी घ्या. विषयावरच्या प्रेमापोटी फुकट राबू नका. शिकण्यासाठीचा एखादा हंगाम वेगळा.

गडवाट

धाग्याचा विषय थोडा बाजूला नेतो, माफ करा. मी बी.कॉम. झालोय, दर रविवारी गडसंवर्धनाला जातो. २०२५ साली आपले बारा किल्ले जागतिक वारशात गेले, तेव्हापासून हेच काम पूर्णवेळ करायची इच्छा आहे. मलाही एमए करता येईल का? आम्ही टाक्यातला गाळ काढतो तेव्हा तोफगोळे, नाणी मिळतात, त्याचा अनुभव धरतात का?

थरावरथर

एमएला शाखेची अट नाही, जरूर या. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. किल्ल्यांची डागडुजी हे संवर्धनाचं काम आहे, त्यात वास्तुविशारद, स्थापत्य अभियंते, चुन्याचं काम जाणणारे गवंडी लागतात. तिकडेच जायचं असेल तर संवर्धनाचं शिक्षण पाहा. पुरातत्त्वज्ञ किल्ल्यावर असतो तो वाडे, कोठारं, टाक्यांचे जुने थर, वस्तीच्या खुणा वाचायला.

दुसरी गोष्ट कळकळीने सांगतो. टाक्यातला गाळ म्हणजे नुसता गाळ नाही, त्यात थर असतात. संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय खणणं कायद्याने गुन्हा आहे. उत्खननाचा परवाना विद्यापीठांना आणि राज्य सरकारलासुद्धा एएसआयकडून घ्यावा लागतो. नाणं मिळालं तर १८७८चा निखात निधीचा कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तुमची मेहनत मोठी आहे, त्याबद्दल आदरच आहे. पुढच्या वेळी गाळ काढण्याआधी पुरातत्त्व विभागाच्या विभागीय कार्यालयाला पत्र द्या, त्यांचा माणूस उभा राहू द्या, खोलीप्रमाणे नोंद होऊ द्या. मग तोच अनुभव खरा अनुभव होईल.

गडवाट

समजलं. येत्या बैठकीत हे मांडतो. पत्राचा मसुदा करून इथे टाकला तर बघाल का?

थरावरथर

नक्की.

सड्यावरचा

रत्नागिरीकडून. कातळशिल्पांचा, म्हणजे सड्यांवरच्या उघड्या दगडात कोरलेल्या चित्रांचा, उल्लेख अजून आला नाही म्हणून. देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी, बारसू, रुंढे तळी, देवीहसोळ, शिवाय गोव्यात कुशावतीकाठी उसगाळीमळ. बहुतेक शोध इथल्या हौशी मंडळींनी सडे पायांखाली घालून, गुराख्यांना विचारून विचारून लावले. २०२२ला जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नावंही गेली. पण काळ ठरवायचा कसा, हा प्रश्न उभाच आहे. उघडा जांभा, वर मातीचा थर नाही, खणायचं काय? इथे जांभ्याची झीज वाचता येणारं माणूस पाहिजे. घोडकाठची, इकडेही एक चक्कर मारा, राहायची सोय करू.

टेम्सपलीकडची

मी इंग्लंडमध्ये खाजगी पुरातत्त्व कंपनीत खणण्याचं काम करते. इथली व्यवस्था वेगळी आहे: बांधकाम करणाऱ्यालाच आधी पुरातत्त्वीय तपासणीचा खर्च करावा लागतो. १९९०मध्ये नियोजनाचं धोरण तसं झालं आणि मग रस्ता, रेल्वे, गृहसंकुल, प्रत्येक ठिकाणी खणणारे लागू लागले. पदवीनंतर लगेच काम मिळतं ते त्यामुळे. पाऊस, चिखल, सतत गाव बदलणं आणि बेताचा पगार, हेही त्याबरोबर येतं. बाहेरून येणाऱ्यांची अडचण अशी की व्हिसासाठी पगाराची जी पातळी मागतात, ती नवख्या खणणाऱ्याच्या पगाराला झेपत नाही. कर्ज काढून इथे एमए करायचा विचार असेल तर हे गणित आधी करा. प्रयोगशाळेतलं कौशल्य घेऊन, शिष्यवृत्तीवर पीएच.डी.ला येणं जास्त शहाणपणाचं.

आपल्याकडे महामार्ग, बोगदे, धरणं यांच्या आधी अशी तपासणी सक्तीची झाली तर हजारो जणांना काम मिळेल आणि टेकाडंही वाचतील. त्यासाठी आपण सगळ्यांनी मागणी लावून धरायला हवी असं मला फार मनापासून वाटतं.

दोनापावला

थोडक्यात: पाण्याखालच्या पुरातत्त्वाचं काम गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत चालतं. द्वारकेचा शोध, सुंची रीफजवळचं बुडालेलं पोर्तुगीज काळातलं जहाज, त्यातले हस्तिदंत आणि तोफा ही तिथली कामं. पोहणं-बुडी शिकून ठेवलंत तर किनाऱ्यावरच्या गाळाचा अभ्यास करणाऱ्या भूवैज्ञानिकाला इथेही जागा आहे. माणसं फार थोडी आहेत.

वस्तुपाल

संग्रहालयांकडेही बघा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्र आणि संवर्धनाची पदविका आहे. तेरचं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय गावातल्या एका माणसाने आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंवर उभं आहे, एकदा जाऊन या. जुन्या उत्खननांचा माल किती ठिकाणी पेट्यांत पडून आहे! नवं खणण्याआधी त्या पेट्या उघडून नीट नोंदवणारी माणसं मिळाली तर विषय कितीतरी पुढे जाईल.

घोडकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. आईबाबांशी काल बसून बोलले, सहा-सात वर्षांचं मुदतीची माणसं दादांनी लिहिलेलं तसंच्या तसं सांगितलं. बाबा म्हणाले, तेवढी कळ आपण काढू.

ठरवलंय ते असं. डेक्कन कॉलेजची प्रवेश परीक्षा देतेय. भूविज्ञानाच्या एम.एस्सी.चा अर्जही भरून ठेवलाय, एमए नाही मिळालं तर तिकडून पदविकेकडे जाईन. दिवाळीनंतर एका उत्खननावर स्वयंसेवक म्हणून येऊ का, असं पत्र तीन विभागांना पाठवलं, त्यात ताईंनी सांगितलेले सगळे प्रश्न विचारलेत. आबा, आमच्या ग्रामसभेत पुढच्या वेळी पांढरीच्या मातीचा विषय घ्यायला सरपंचांना विनंती केली आहे. तुम्ही आलात तर बरं होईल, माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील.

एकच शेवटचं. हंगाम सुरू होईपर्यंत हे महिने कसे वापरू? आणि बोरीला कधी जाऊ?

आबा शिरूरकर

येतो. तारीख कळव.

खापरवाचक

पावसाळ्यात हात बसवायचा. आलेखकागदावर एक-वीस या प्रमाणात छेद काढायची सवय करा. विहिरीचं नवं खोदकाम, रस्त्याची कापलेली कड, काहीही चालेल, ओळंबा आणि टेप घेऊन उभं राहायचं. डंपी लेव्हल (जमिनीची उंची-खोली मोजायची दुर्बीण) तुमच्या कॉलेजात असेलच, सरांना सांगून पुन्हा हाताळा. जवळच्या कुंभाराकडे काही दिवस बसा. चाकावर केलेलं, हाताने थापलेलं, कमीजास्त भाजलेलं भांडं फुटल्यावर कसं दिसतं हे तिथे कळतं, वर्गात कळत नाही.

थरावरथर

बोरीला नदीचं पाणी उतरल्यावर जा, दिवाळी झाली की. एकटी जाऊ नका, गावात आधी भेटून कशासाठी आलात ते सांगा. काठ ढासळतो, वरच्या कडेवर उभं राहायचं नाही. छायाचित्रात मोजपट्टी ठेवा, जीपीएसची नोंद घ्या, आणि दगडी हत्यार दिसलं तरी जागेवरून उचलू नका. टेफ्राच्या वरचा आणि खालचा थर वेगवेगळा लिहून काढा, मग ते वर्णन इथे टाका. मी वाचून सांगेन काय सुटलंय ते.